मालक नव्हे, विश्वस्त : हेसे घराण्याचे मोरिट्झ

जर्मनीच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेने सरदारवर्गाचे विशेषाधिकार काढून घेतले, आणि घराण्याची मिळकत न वाटता, न विकता पिढ्यान्‌पिढ्या एकाच वारसाकडे सोपवण्याची ‘फिडाइकोमिस’ नावाची जुनी व्यवस्थाही मोडीत काढली. तेव्हापासून वाड्यांतील चित्रे, ग्रंथ आणि चिनी मातीची भांडी एकत्र ठेवणे हा रसिकतेपेक्षा कायद्याचा आणि हिशेबाचा प्रश्न झाला. हेसे या जर्मन राजघराण्याने त्याला १९२८मध्ये कौटुंबिक न्यासाचा पर्याय शोधला, आणि घराण्याचा प्रमुख मालकाचा विश्वस्त झाला.

त्या न्यासाची धुरा पुढे वाहणारे मोरिट्झ (१९२६–२०१३) यांच्या पदरी आलेला वारसा निर्मळ नव्हता. वडील फिलिप नाझी पक्षाचे वरिष्ठ पदाधिकारी होते आणि हिटलरसाठी इटलीतून कलावस्तू मिळवून देत. आई माफाल्दा, इटलीच्या राजाची कन्या, १९४४मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत मरण पावली. फ्रीडरिखसहोफ या क्रोनबर्गच्या वाड्यात, जो राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येने वैधव्यात बांधून घेतला होता, तळघरात पुरलेले जडजवाहीर युद्धानंतर तिथे मुक्काम ठोकलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनीच लांबवले, आणि त्यातले बरेचसे कधीच परत आले नाही. १९५४पासून त्या वाड्यात हॉटेल चालते. वाड्याचे हॉटेल होणे काहींना अप्रतिष्ठेचे वाटेल, पण छप्पर गळू नये म्हणून लागणारा पैसा पूर्वजांच्या तसबिरी देत नाहीत. फुल्डाजवळचा फाझानरी हा वाडा मात्र संग्रहालय झाला.

याच घराण्याच्या डार्मश्टाट शाखेचे लुडविग निपुत्रिक होते. त्यांनी १९६०मध्ये मोरिट्झ यांना दत्तक घेतले आणि १९६८मध्ये लुडविग यांच्या निधनाबरोबर ती शाखा संपली. त्या शाखेच्या संग्रहातच हान्स होल्बाइन (धाकटा) याचे ‘डार्मश्टाट मॅडोना’ हे चित्र होते. बाझेलचे माजी नगराध्यक्ष याकोब मायर यांनी ते १५२६च्या सुमारास करवून घेतले. मेरीच्या पदराखाली मायर कुटुंब गुडघे टेकून बसले आहे, त्यात दिवंगत पहिली पत्नीही जिवंत दुसरीच्या शेजारी आहे, आणि पायाखालच्या तुर्की गालिच्याला एक घडी पडली आहे, जणू कोणाचा तरी पाय अडखळला असावा. मुलगी आना हिचे मोकळे केस होल्बाइनने नंतर बांधलेले दाखवले.

लुडविग यांच्या पत्नी मार्गारेट १९९७मध्ये वारल्यावर उभ्या राहिलेल्या देण्यांपायी अखेर हे चित्र विकणे भाग पडले. राष्ट्रीय महत्त्वाच्या कलावस्तूंच्या यादीत त्याची नोंद असल्याने ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नव्हते, त्यामुळे किंमतही तेवढीच मर्यादित राहिली. तरी २०११मध्ये उद्योगपती राइनहोल्ड व्यूर्त यांनी ते पाच कोटी युरोंहून अधिक किमतीला घेतल्याच्या बातम्या आल्या. आता ते श्वेबिश हाल येथील एका जुन्या चर्चमध्ये, सर्वांसाठी खुले आहे.