इंजिन बांधून आणलंय? पहिलं ऑईल भारीतलं नको, साधंच टाका

ट्रॅक्टर धूर सोडायला लागला, ऑईल खायला लागला, म्हणून गॅरेजला नेला. मिस्त्रीने लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलून इंजिन बांधून दिलं. हजारो रुपये गेले. आता ऑईलच्या दुकानात उभं राहिल्यावर वाटतंच, एवढा खर्च केलाय तर ऑईलही सगळ्यात महागाचं टाकू. इथंच गडबड होते. बांधलेल्या इंजिनात पहिल्या वेळी सिंथेटिक ऑईल टाकू नका, साधं मिनरल ऑईल टाका.

कारण समजून घ्या. नवा लायनर आतून आरशासारखा गुळगुळीत नसतो. त्यावर होनिंगच्या बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. रेघांच्या खाचेत ऑईल थांबतं आणि त्यांच्या टोकांवर घासून रिंगा आपली जागा करून घेतात. ‘रिंगा बसल्या’ म्हणतात ते हेच. हे घासणं पहिल्या काही तासांतच होतं. सिंथेटिक ऑईल निसरडं. रिंग घासण्याऐवजी नुसती घसरत राहते, तोवर रेघांची धार जाते. मग ब्रीदरमधून धूर, ऑईल कमी होणं सुरूच, आणि मिस्त्रीशी भांडण वेगळं.

कुणी म्हणेल, नव्या गाड्या तर कंपनीतूनच सिंथेटिक ऑईल भरून येतात. खरं आहे. पण तिथं बोअरचं फिनिशिंग मशीनवर अगदी ठराविक मापात होतं. गॅरेजच्या कामात थोडाफार फरक राहतोच, म्हणून इथं साधं ऑईल बरं.

डब्यावर काय बघायचं? बऱ्याच ट्रॅक्टरांना १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० ग्रेड चालते. तुमच्या मॅन्युअलमध्ये जी लिहिली असेल तीच घ्या. दुसरं म्हणजे, डिझेल इंजिनच्या ऑईलवर ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं असतात, जसं सीएच-४ किंवा सीआय-४. नुसतं ‘एस’ने सुरू होणारं ऑईल पेट्रोलच्या गाडीचं. डिझेलच्या ऑईलमध्ये कॅम आणि टॅपेटची झीज रोखणारा झिंकचा पदार्थ असतो, तोही या काळात लागतो. स्वस्त मिळतंय म्हणून ड्रममधलं सुट्टं ऑईल मात्र घेऊ नका. सील असलेला डबाच घ्या, आणि फिल्टर नवा टाका.

चालू करताना घाई नको. गिअर न्यूट्रलला ठेवा, इंजिन बंद करायचा दांडा ओढून धरा आणि थोडं थोडं थांबून स्टार्टर मारा. ऑईल प्रेशरचा काटा हलला किंवा दिवा विझला, की मगच इंजिन चालू करा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘नवं इंजिन आहे, दिवसभर स्लोवर चालू ठेवा’ असं अजूनही सांगितलं जातं. हे उलटं आहे. रिंगेला लायनरवर दाबून धरतो तो जळलेल्या डिझेलचा गॅस, आणि तो दाब इंजिनवर लोड आल्याशिवाय मिळत नाही. नुसतं स्लोवर ठेवलं तर ऑईल अर्धवट जळून लायनरवर चकचकीत थर धरतं. मग रिंगा बसतच नाहीत. म्हणून पाणी, प्रेशर आणि गळती तपासली की हलकं काम द्या. रिकामी किंवा अर्धी ट्रॉली चालेल, वरवरची पाळी चालेल. रेस कमी-जास्त करत राहा. रोटाव्हेटर, पलटी नांगर, उसाची भरलेली ट्रॉली पहिले ५० तास लांबच ठेवा.

पहिलं ऑईल लवकर काढायचं. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. बांधलेल्या इंजिनाला आम्ही म्हणू २० ते २५ तासांतच काढा, कारण झिजलेल्या धातूचा बारीक चुरा त्यातच असतो. साधं ऑईल असलं की ते ओतून टाकताना जीवही तुटत नाही. काढलेल्या ऑईलमध्ये थोडी चमक दिसली तर घाबरू नका. बोटाला कण किंवा पापुद्रे लागले, तांब्याचा रंग दिसला किंवा ऑईल दुधाळ झालं, तर ट्रॅक्टर तिथंच थांबवा आणि मिस्त्रीला बोलवा.

दुसऱ्या वेळीही मिनरलच भरा. रोज सकाळी डिपस्टिक बघून पातळी वहीत लिहा. ती टिकून राहायला लागली की रिंगा बसल्या. सिंथेटिक टाकायचंच असेल तर त्यानंतर.

मोटरसायकलचं इंजिन बांधलं असेल तर नियम हाच, फक्त डबा वेगळा. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्या ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं बघा. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल त्यात ओतलं तर क्लच घसरू शकतो.