ग्रीक पुराणकथा, नवे निवेदक

• मूळ आधार : होमरच्या नावावरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही महाकाव्ये. प्रत्येकी 24 सर्ग. रचनाकाळ साधारण इ.स.पू. 8वे शतक.

• भाषांतर वेगळे, पुनर्कथन वेगळे : एमिली विल्सन यांची ‘ओडिसी’ (2017) हे इंग्रजी भाषांतर. कादंबरीकार मात्र बहुधा कथा सांगणारी व्यक्तीच बदलतात.

• ब्रिसेइस : ट्रोजन युद्धात पकडलेली स्त्री, ग्रीक योद्धे अकिलीस आणि अगमेम्नॉन यांच्या भांडणाचे निमित्त. ‘इलियड’मध्ये ती एकदाच बोलते : 19व्या सर्गात, अकिलीसचा सोबती पॅट्रोक्लस याच्या मृतदेहापाशी. पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’मध्ये (2018) बरीचशी कथा तीच सांगते.

• मॅडलिन मिलर : पहिली कादंबरी ‘द साँग ऑफ अकिलीस’ (2011). निवेदक पॅट्रोक्लस. 2012चा ऑरेंज पुरस्कार. सुमारे दशकभरानंतर टिकटॉकवरच्या वाचकांमुळे विक्रीत पुन्हा मोठी उसळी. दुसरी कादंबरी ‘सर्सी’ (2018). नायिका ‘ओडिसी’च्या 10व्या सर्गातली, खलाशांची डुकरे करणारी जादूगार.

• आधीच्या कादंबऱ्या : मेरी रेनॉ, ‘द किंग मस्ट डाय’ (1958), क्रिस्टा वुल्फ, ‘कसांड्रा’ (जर्मन, 1983), मार्गारेट ॲटवुड, ‘द पेनेलोपियाड’ (2005).