चिकटू नये म्हणून केलेला गोंद

मेंदूची शस्त्रक्रिया संपत आलेली असते. गाठ निघालेली असते, रक्त थांबलेलं असतं, मेंदूवरचं ड्युरा नावाचं चिवट आवरण बारीक टाक्यांनी शिवून झालेलं असतं. मग सर्जन भूलतज्ज्ञाला छातीतला दाब थोडा वाढवायला सांगतो आणि सगळ्यांचे डोळे टाक्यांच्या ओळीवर खिळतात. पुष्कळदा तिथे एक स्वच्छ थेंब उगवतो. मेंदूभोवतीचं पाणी झिरपतंय. आणखी एक टाका घालावा, तर सुई जाता-येता दोन नवी भोकं पाडते. तसंच सोडावं, तर जखम भरत नाही आणि जंतूंना थेट मेंदूपर्यंत वाट मिळते.

गोंद नव्हते असं नाही. 1951मध्ये टेनेसीतल्या किंग्जपोर्टला ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेत फ्रेड जॉयनर यांनी एका नव्या रसायनाचा थेंब उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये ठेवला आणि लोलक पुन्हा सुटेचनात. हॅरी कूव्हर यांनी त्यातलं मर्म ओळखलं आणि सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपला झटपट गोंद, बाजारात आला. तो ओलाव्याच्या नुसत्या स्पर्शानं आळतो, आणि शरीरात ओलाव्याला काय तोटा! पण आळताना तो तापतो, आळल्यावर ताठ होतो आणि तुटताना फॉर्मल्डिहाइड सोडतो. त्यामुळे त्याचं सुधारलेलं रूप 1998मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते त्वचेवरच्या जखमांसाठी. दुसरा पर्याय मानवी रक्तातल्या फायब्रिनचा. पण काविळीच्या धास्तीनं अमेरिकेत फायब्रिनोजेनचा, म्हणजे ज्यापासून फायब्रिन बनतं त्याचा, परवाना सत्तरच्या दशकात रद्दच झाला होता.

खरी वाट निघाली ती गोंदाच्या शोधातून नव्हे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जेफ्री हबेल, चंद्रशेखर पाठक आणि आयआयटी दिल्लीहून पीएचडीला आलेले अमरप्रीत साहनी मधुमेहावर काम करत होते. दुसऱ्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी रुग्णात सोडायच्या, तर त्याची प्रतिकारशक्ती त्यांचा फडशा पाडते. म्हणून त्या पेशींना जेलचं चिलखत घालायचं होतं. साखर आणि इन्सुलिन आरपार जावं, प्रतिपिंडं मात्र बाहेर अडावीत, इतक्या बारीक जाळीचं. त्यासाठी निवडलेला पदार्थ होता पॉलिइथिलिन ग्लायकॉल. याची ख्यातीच अशी, की त्याला प्रथिनं चिकटत नाहीत आणि पेशीही चिकटत नाहीत.

हे जेल जिवंत पेशींना धक्का न लावता आळायला हवं होतं. अतिनील किरण पेशींना मारक, म्हणून इओसिन कामी आलं. पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या गुलाबी करणारं तेच रंगद्रव्य. निळा-हिरवा प्रकाश पडला की ते क्रिया सुरू करतं आणि लांब साखळ्या टोकाशी एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं तयार होतं. साखळ्यांत लॅक्टिक आम्लाचे दुवे घातले, की पाणी ते दुवे हळूहळू तोडतं आणि जेल विरून जातं.

मग उंदरांच्या पोटात हेच जेल लावलं गेलं, तेही चिकटवायला नव्हे. शस्त्रक्रियेनंतर आतडी आणि गर्भाशय एकमेकांना चिकटतात, ते टाळण्यासाठी. 1994मध्ये निष्कर्ष छापून आले. जेलनं आपलं काम केलं होतं. मला या कथेतली सर्वांत नाट्यमय गोष्ट इथेच दिसते. वरच्या बाजूला कशालाही चिकटू न देणारा हा थर खालच्या ऊतीला मात्र घट्ट धरून बसत होता, कारण द्रव असताना तो तिच्या खाचाखोचांत शिरे आणि तिथेच आळे. न चिकटणारा पदार्थ आतून अडकून राहिला होता. म्हणजे त्यानं भोक बुजवता येणार होतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या फोकल कंपनीनं त्यातून फुप्फुसासाठी फोकलसील केलं. कर्करोगाचा भाग कापल्यावर फुप्फुसातून हवा गळते, ती थांबवायला मे 2000मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पण वापरायची रीत बघा. आधी इओसिनचा अस्तर-थर लावा, त्यावर द्रव पसरा, मग दिवा धरून 40 सेकंद थांबा. विज्ञान देखणं, पण शस्त्रक्रियागृहात अडचणीचं. 2001मध्ये जेन्झाइमनं ती कंपनी विकत घेतली.

साहनी त्याआधीच, 1998मध्ये, वॉल्टहॅमला कॉन्फ्लुअंट सर्जिकल काढून बसले होते. दिवा हवाच कशाला, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं ड्युरासील म्हणजे अ‍ॅरल्डाइटच्या दोन नळ्यांसारखा प्रकार. एका सिरिंजमध्ये टोकांना क्रियाशील एस्टर बसवलेलं पॉलिइथिलिन ग्लायकॉल, दुसरीत ट्रायलायसिन, म्हणजे एकमेकांना जोडलेले तीन लायसिन. लायसिनचे अमाइन गट एस्टरवर झडप घालतात आणि जाळं विणलं जातं. हे कधी व्हावं, याची चावी आहे आम्लतेत. आम्लधर्मी द्रावणात अमाइनवर प्रोटॉन बसलेला असतो, तोवर ते निष्क्रिय. द्रावण अल्कधर्मी झालं की प्रोटॉन सुटतो आणि क्रिया धावत सुटते. म्हणून एस्टरचं द्रावण आम्लधर्मी, ट्रायलायसिनचं अल्कधर्मी. फवारणीच्या टोकाशी दोन्ही भेटतात आणि सुमारे तीन सेकंदांत जेल तयार. थर किती जाड बसला हे दिसावं म्हणून त्यात निळा रंग. चार ते आठ आठवड्यांत ते शरीरात विरतं.

अकरा रुग्णालयांतल्या 111 रुग्णांवर ते तपासलं गेलं. दाब वाढवून बघितला तरी सगळ्यांची गळती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बंद झालेली होती. एप्रिल 2005मध्ये मंजुरी मिळाली. उणीव होतीच. जेल पाणी शोषून फुगतं. कवटीत ते एक वेळ खपेल, मणक्याच्या अरुंद नळीत मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. 2009मध्ये मणक्यासाठी मंजूर झालं ते कमी फुगणारं रूप.

त्याच रसायनाचा पुढचा अवतार स्पेसओएआर. प्रोस्टेटला किरणोपचार देताना गुदाशय भाजू नये म्हणून दोघांमध्ये जेल भरून अंतर करायचं. इथे तीन सेकंद उपयोगाचे नाहीत, सुईतच आळलं तर संपलं. म्हणून एस्टर आणि ट्रायलायसिन दोन्ही एकाच नळीत, आम्लधर्मी द्रावणात, जणू झोपवून ठेवलेले. दुसऱ्या नळीत फक्त त्यांना जागं करणारं अल्कधर्मी द्रावण. आळायला दहाएक सेकंद मिळतात आणि जेल सुमारे तीन महिने जागेवर टिकतं. 2015मध्ये त्याला परवानगी मिळाली.

एमआयटीत एलाझर एडेलमन आणि नताली आर्ट्झी यांनी दुसरी बाजू धरली. गोंद आपापसात कसा जोडला जातो यापेक्षा तो ऊतीशी कसा जोडला जातो, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्या मिश्रणात डेक्स्ट्रान या बहुशर्करेवर अल्डिहाइड गट असतात. काही अल्डिहाइड मिश्रणातल्याच अमाइनशी जुळतात आणि जेल घट्ट होतं, उरलेले ऊतीतल्या प्रथिनांच्या अमाइनला जाऊन धरतात. अल्डिहाइड किती ठेवायचे, यावर पकड ठरते. आणि यकृत, फुप्फुस, आतडं यांच्या पृष्ठभागावर अमाइन सारखे नसतात, म्हणून एकच मिश्रण सगळीकडे सारखं धरत नाही, हे 2009च्या त्यांच्या शोधनिबंधानं दाखवलं. 2015मध्ये त्यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. एकच मोठं आतडं निरोगी असताना, सुजलेलं असताना आणि कर्करोग झालेला असताना तोच गोंद वेगवेगळा धरतो. म्हणजे मिश्रणाचं प्रमाण ठरवण्याआधी सर्जनला अवयव कोणता एवढंच नव्हे, तर त्या दिवशी तो कोणत्या अवस्थेत आहे हेही पाहावं लागणार.