बारावीचा इतिहास : घोकू नका, जोडा

युरोपातील प्रबोधनापासून शीतयुद्धापर्यंतचा पल्ला पाठांतराने पेलत नाही. उमरगा तालुक्यातील मुरुमच्या विद्यार्थ्यांना तो आपल्या मातीतूनच पेलता येईल.

● कालरेषा काढा : १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादवर पोलीस कारवाई सुरू, १७ सप्टेंबरला निजामाची शरणागती, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

● ‘का?’ विचारा : १५ ऑगस्ट १९४७ नंतरही उमरगा तालुका निजामाच्या राज्यात का होता? या एका प्रश्नातून संस्थानांचे विलीनीकरण उलगडते.

● नकाशा समोर ठेवा : सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्ग शोधा. पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी भारतीय सैन्य तिथे का पोहोचले, ते लगेच कळेल.

● जागा पाहा : तेरचे वस्तुसंग्रहालय पाहिले की रोमशी चाललेला सातवाहनकालीन व्यापार डोळ्यांसमोर उभा राहतो.

● पुस्तक मिटून लिहा : मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात, नुसते पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिले.

घरातल्या आजी-आजोबांना निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या काळाबद्दल जरूर विचारा. ते ऐकलेले वहीत उतरवा आणि पुस्तकाशी ताडून पाहा.