बहुविश्वातील ग्रह (भाग ५) : कार्बन किती, ऑक्सिजन किती?

मागच्या भागात आपण गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक बदलून पाहिला. आज अणुकेंद्रक बांधून ठेवणाऱ्या बलाकडे वळू. नियम तेच पण स्थिरांक वेगळे, अशी अनेक विश्वे असतील, तर खडक आणि पाणी असलेले ग्रह कितींमध्ये घडतील?

याचे उत्तर शोधायला ताऱ्यांच्या पोटात शिरावे लागते. तिथे हीलियमची दोन केंद्रके जुळून बेरिलियम-८ बनते आणि सेकंदाच्या साधारण एक कोटी अब्जाव्या भागात मोडते. तेवढ्यात तिसरे हीलियम येऊन धडकले, तरच कार्बन. एवढ्या घाईत पुरेसा कार्बन तयार व्हायचा, तर त्याच्या केंद्रकात नेमक्या जागी एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये सांगितले. हॉइल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक. कॅलटेकमधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केला आणि ती पातळी सापडली : ७.६५ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट. माणूस आहे म्हणून ही पातळी असणार, असा तर्क हॉइल यांनी तेव्हा केला, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. ताऱ्यांत कार्बन कसा बनतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. जीवसृष्टीचा धागा त्याला नंतर जोडला गेला.

ही पातळी सरकली तर? २००० मध्ये ओबरहुमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गणित मांडले. केंद्रकीय बल अर्ध्या टक्क्याने कमी झाले तर कार्बन जवळजवळ नाहीसा होतो. तेवढेच वाढले तर ऑक्सिजन.

ग्रहांच्या दृष्टीने यातली दुसरी शक्यता मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या सूर्यात दोन ऑक्सिजन अणूंमागे साधारण एक कार्बन आहे. कार्बनशी जोडी जमल्यावर उरलेला ऑक्सिजन सिलिकॉनला मिळतो, त्यातून आपल्या ओळखीचे खडक होतात, आणि पाण्यालाही तो पुरतो. कार्बन वरचढ झाला की सगळा ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो. मग ग्रहाचे कवच सिलिकॉन कार्बाइड आणि ग्रॅफाइटचे, आणि पाणी दुर्मीळ. जीवनाला कार्बन लागतो हे आपण घोकत आलो, पण कार्बनचा सुकाळही ग्रहाला वाळवंट करू शकतो.

तरीही ‘अर्धा टक्का’ ऐकून हुरळून जाऊ नये. बेरिलियम-८ टिकाऊ व्हायला जेमतेम ०.०९ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट कमी पडतात. मिशिगन विद्यापीठाच्या फ्रेड अ‍ॅडम्स यांनी ग्रोस यांच्यासह २०१७ मध्ये दाखवले, की ज्या विश्वात ते टिकते, तिथे तीन केंद्रकांची गाठ पडण्याची गरजच उरत नाही. कार्बन टप्प्याटप्प्याने बनतो. म्हणून एकच आकडा हलवून ‘बाकी सारी विश्वे ओसाड’ असा निकाल देणे घाईचे आहे.

पुढच्या भागात विद्युतचुंबकीय बलाचा १/१३७ हा आकडा. तो काळाच्या ओघात बदलला का, याची साक्ष गॅबॉनमधल्या ओक्लोच्या युरेनियम खाणीत मिळते. तिथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गानेच अणुभट्टी चालवली होती.