होळीच्या रात्री रक्ताची उलटी झाली तर

भोंगऱ्या बाजार भरू लागले की सातपुड्यातल्या पाड्यांवर माणसं परतायला लागतात. ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीला घर गाठतात. काठीच्या राजवाडी होळीला तर अक्कलकुवा-धडगावच्या पलीकडूनही लोक येतात. महिनोन्महिन्यांच्या कष्टाने मोडलेलं अंग, त्यावर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, जागरण, उपाशीपोटी घेतलेली दारू हे सगळं या आठवड्यात एकत्र येतं. पोटातला जुना व्रण किंवा यकृताचा दबलेला आजार अशा वेळी अचानक रक्त ओकू लागतो. नेमकी तेव्हाच सुट्टी असते, आणि घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आज कोण भेटणार? उद्या बघू.’ हा ‘उद्या’ अनेकांना परवडत नाही.

‘सुट्टीत सरकारी दवाखाना बंद असतो’

बंद असते ती ओपीडी. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालय यांचा तातडीचा विभाग होळी, दिवाळी, रविवार असा भेद करत नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून चोवीस तास आणि मोफत धावते. पाड्यापर्यंत रस्ता नसेल, तर झोळीतून रस्त्याला येईपर्यंतचा वेळ वाया जाऊ नये म्हणून फोन आधी करावा आणि मग झोळी उचलावी. पैसे नाहीत किंवा कागद घरी राहिले, म्हणूनही थांबू नये. तातडीच्या रुग्णाला वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच पश्चिम बंगालच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, त्याचा तो खटला होता.

सुट्टीचा परिणाम होतच नाही, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी 2007 मध्ये पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या अशा रक्तस्रावाच्या सहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली. शनिवार-रविवारी आलेले रुग्ण अधिक खालावलेले होते आणि त्यांची दुर्बिणीची तपासणीही (एंडोस्कोपी) उशिरा झाली, तरी मृत्यूचं प्रमाण वाढलं नव्हतं. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींत मात्र ते थोडं वाढलेलं दिसलं. मला यातून एवढं दिसतं की मोजक्या माणसांवर चालणारं रुग्णालयसुद्धा सुरुवातीचं काम नीट करत असेल, तर बराच फरक पडतो. पण त्यासाठी रुग्ण आधी तिथे पोहोचायला हवा.

‘इथे दुर्बीण नाही, थेट सुरतेला न्या’

हा समज सगळ्यात घातक आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. धडगाव किंवा मोलगीहून निघालेली जीप वाटेतली सगळी रुग्णालयं मागे टाकत सुरतेच्या दिशेने धावते. आतल्या माणसाच्या अंगातून तेवढा वेळ रक्त जात राहतं, ना सलाईन, ना ऑक्सिजन.

अशा रुग्णाचा जीव बहुतेकदा वाचतो तो दुर्बिणीच्या आधीच्या कामांनी. हाताला दोन जाड सुया लावणं, सलाईन सुरू करणं, रक्तगट जुळवून रक्त देणं, आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल शिरेतून देणं, ही ती कामं. यकृताचा आजार असेल तर फुगलेल्या शिरांमधला दाब उतरवणारं औषध आणि जंतुसंसर्ग टाळणारं प्रतिजैविकही लागतं. रुग्ण किती धोक्यात आहे हे ठरवायलाही दुर्बीण लागत नाही. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तातलं युरिया, काळी शौच, शुद्ध हरपणं, यकृताचा आजार किंवा हृदय निकामी होणं एवढ्यावरून ग्लासगो-ब्लॅचफोर्ड नावाचा गुणांक काढता येतो.

हाँगकाँगमध्ये 516 गंभीर रुग्णांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पोटविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळाल्यापासून सहा तासांच्या आत दुर्बीण घातलेल्या गटात महिनाभरात 8.9 टक्के रुग्ण दगावले, आणि सहा ते चोवीस तासांत घातलेल्या गटात 6.6 टक्के. हा फरक निर्णायक नव्हता, पण घाई केल्याने फायदा झाला नाही हे दिसलं. ज्यांचा रक्तदाब उपचारांनंतरही सावरत नव्हता, असे रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांना लगेचच दुर्बीण लागते. बाकीच्यांसाठी क्रम असा: जवळचं रुग्णालय, तिथे स्थिर करणं, तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयाला फोन करणं, आणि मग सलाईन चालू असलेल्या रुग्णवाहिकेतून चोवीस तासांच्या आत दुर्बीण असलेल्या ठिकाणी नेणं. नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे आणि 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुढे धुळे किंवा सुरत गाठायचं का, हे तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्यावं.

‘रक्त थांबवायची सुई मारली, आता भीती नाही’

बाजारातल्या दवाखान्यात ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचं इंजेक्शन देऊन रुग्णाला घरी पाठवतात. या औषधाची पारख 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 12 हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात झाली. पचनमार्गाच्या रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी केले नाहीत, उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढवलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावात ते उपयोगी आहे, म्हणून इथेही असेल हे गृहीतक चुकलं. आणि उलटी थांबली म्हणजे रक्त थांबलं असंही नाही. ते आतड्यात उतरत राहतं. पुन्हा रक्त सुटण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत दुसऱ्या दिवशीच्या होळीसाठी रुग्णालयातून सुट्टी मागू नये.

हिमोग्लोबिनचा आकडाही सुरुवातीला फसवतो. रक्त सगळ्या घटकांसह वाहून जातं तेव्हा उरलेल्याचा दाटपणा तोच राहतो, त्यामुळे पहिल्या तपासणीत आकडा ठीक दिसतो आणि काही तासांनी कोसळतो. शंभराच्या वर गेलेली नाडी, गार घाम, उठून बसताना येणारी अंधारी यांवर आकड्यापेक्षा जास्त विश्वास ठेवावा.

‘दारू पिणाऱ्यालाच होतं’

यकृत निकामी होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात, त्यात दारूचा वाटा मोठा आहे. मोहाची असो की दुकानातली, यकृताला फरक पडत नाही. पण हिपॅटायटिस बी आणि सी यांच्यामुळेही तेच होतं. दारूचा थेंब न घेतलेल्या बाईला रक्ताची उलटी झाली की घरातले संशयाने पाहतात, आणि त्या लाजेपायी ती गप्प बसते. तिच्या पोटात बहुधा व्रण असतो. व्रणाची दोन मोठी कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि दुखण्याची औषधं.

मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबारमध्ये व्रणाचा दोषही मिरचीवर जातो. तिखटाने जळजळ होते, पण व्रण होत नाही. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी व्रणामागचा हेलिकोबॅक्टर जिवाणू शोधला. मार्शल यांनी तर तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. या संसर्गावर दोन आठवड्यांच्या औषधांचा इलाज आहे. तो केला नाही तर व्रण परत येतो.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात. ‘गोळी पोटाला लागते, सुई द्या’ असं म्हणणारे खूप भेटतात. सुईतलं औषधही रक्तातून जाऊन तेच करतं. ऊस तोडून आलेल्या माणसाला अंगदुखी असणारच, त्याला दोष कसला द्यायचा? पण या गोळ्या रोज घेणाऱ्याने पोटाचं संरक्षण करणारी गोळी सोबत हवी का, हे डॉक्टरांना विचारावं. हृदयात स्टेंट बसवलेल्यांनी मात्र रक्त पातळ करणारी गोळी भीतीने परस्पर बंद करू नये.

‘शौच काळी झाली, उष्णता असेल’

डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच म्हणजे पचनमार्गाच्या वरच्या भागातलं रक्त पचून खाली आलेलं आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो वास येत नाही. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजेही रक्तच. लाल रक्त पडलं की मूळव्याध असा निकाल घरी लावू नये. आतड्याचा कर्करोग, विषमज्वरातले व्रण आणि आमांशही लाल रक्त दाखवतात.

रक्त ओकणाऱ्याला थंड दूध, लिंबूपाणी, अंगारा घातलेलं पाणी यांतलं काहीही पाजू नये. शुद्ध हरपत असताना ते श्वासनलिकेत जातं, आणि भरलेल्या पोटात दुर्बिणीला काही दिसत नाही. त्याला कुशीवर निजवावं. घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यावीत. अचानक आलेल्या रक्ताच्या उलटीमागे करणी शोधून एखाद्या बाईला डाकीण ठरवणं तर गुन्हा आहे, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने. भगताचा मान ठेवायचा असेल तर त्याला रुग्णासोबत गाडीत बसवा.

‘रक्त भरू तेवढं चांगलं’

स्पेनमध्ये 921 रुग्णांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये आला. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, 9 च्या खाली जाताच दिलेल्यांपेक्षा जास्त संख्येने वाचले. जास्त रक्ताने शिरांतला दाब वाढतो आणि फुटलेली जागा पुन्हा वाहू लागते. म्हणून ‘डॉक्टर अजून एक बाटली लावा’ असा आग्रह धरू नये. हृदयविकार असलेल्यांसाठी मर्यादा वेगळी असते.

नंदुरबारसाठी एक गोष्ट खास महत्त्वाची आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. या रुग्णांचं हिमोग्लोबिन मुळातच 7-8 च्या आसपास असतं, आणि हाडांच्या वेदनांसाठी दुखण्याची औषधंही त्यांच्या पोटात जातात. त्यांना रक्त किती आणि कसं द्यायचं याचं गणित निराळं आहे. त्यामुळे सिकलसेलचं कार्ड दाखल होताना पहिल्याच डॉक्टरच्या हातात द्यावं. साठवलेल्या लाल पेशी सुमारे पाच-सहा आठवडे टिकतात. म्हणजे होळीला लागणारं रक्त फेब्रुवारीच्या शिबिरात देऊन ठेवता येतं.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी बांध घातलेल्या रुग्णाला दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, आणि शिरा बुजेपर्यंत हे चालतं. होळीनंतर कुटुंब पुन्हा कामाला निघतं तेव्हा ही तारीखच बुडते. घर सोडण्याआधी ती डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी, आणि कामाच्या गावाजवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठीही मागून घ्यावी.