खडखड ऐका, खर्च वाचवा

गेल्या माघात आम्ही चौघे भीमाशंकरला निघालो. कर्जत, कशेळे, खांडस आणि तिथून पायी घाट, असा बेत. गाडी आमची जुनीच, डिझेलची. कशेळ्याला चहाला थांबलो, तर बॉनेटखालून खडखड! डिझेल इंजिन टकटकतेच. त्यात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेटते. पण हा आवाज निराळा होता. "जाऊ की खांडसपर्यंत," आमच्यातला एक म्हणाला.

आम्ही फिटर गाठला. त्याने पंख्याचा पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवले. खडखड गेली! म्हणजे दोष इंजिनाच्या पोटात नाही, पट्ट्यावर फिरणाऱ्या भागात. इंजिन बंद करून पंखा हलवला, तर तो डुगडुगला. पाण्याच्या पंपाचे बेअरिंग गेले होते. पंपाच्या भोकातून पाणीही ठिबकत होते. तसेच गेलो असतो तर पंखा रेडिएटरमध्ये घुसता, इंजिन तापून हेड वाकले असते.

कर्जतहून नवा पंप आणून बसवेपर्यंत सांज झाली. फिटर म्हणाला, "पट्टा लई ताणलाय तुम्ही. त्यानंच बेअरिंग खाल्लं." आमची मान खाली. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा अर्धा इंच दबावा, हे तेव्हा कळले.

ट्रॅक्टरलाही हाच नियम. गळीत हंगामापूर्वी इंजिन बंद ठेवून पट्टा, पंखा हाताने तपासा. ट्रॅक्टर वाटेत अडला, की ट्रॉलीतला ऊस वाळतो आणि वजन आपलेच घटते.